ट्रंकेतला बाळंतविडा

डांबरगोळ्यांचा वास मला अजूनही आवडतो. सांगायची लाज वाटते, पण खरं ते खरं. कुणाचं कपाट उघडलं आणि तो वास आला की आधी मला स्वच्छ, निवांत वाटतं, आणि मग मी ते कपाट घाईनं लावून टाकते. असं का होतं हे सांगायचं तर लंगोटांपासून सुरुवात करावी लागेल.

लातुरात मी तान्ह्या लेकरांचे लंगोट धुऊन घरपोच देते. हाच माझा धंदा. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास हसतो. त्याआधी मी क्लासच्या मुलींच्या होस्टेलची ब्लँकेटं आणि चादरी धुवायचे, तेव्हा कुणी हसत नव्हतं. डॉक्टर व्हायला आलेल्या पोरींच्या चादरी धुणं मानाचं आणि लेकराचं लंगोट धुणं हसण्यावारी. जगाच्या तोंडाला कोण हात लावणार?

कल्पना सुचली ती आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. कचऱ्याच्या ढिगात वापरलेले डायपर पडायचे आणि कुत्री ते ओढत दारोदार न्यायची. बायकांना विचारलं तर सगळ्या एकच सांगायच्या. कापडाचं लंगोट चांगलं हे आम्हालाही कळतं, पण नळ येतो आठ-दहा दिवसांनी, धुवायचं कशात? माझ्या घरी बोअर होता, बऱ्यापैकी चालायचा. वर मोठी गच्ची होती. मी ठरवलं की आईनं फक्त बादलीचं झाकण उघडावं, बाकीचं सगळं मी बघेन.

सोय तशीच बसवली. सकाळी रिक्षा दारात यायची, घाण लंगोटांची झाकणाची बादली घ्यायची आणि धुतलेल्यांची पिशवी द्यायची. शेवटी खळबळलेलं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या धुण्याला वापरायचं. एकदा उकळत्या पाण्यातून काढायचं, मग दिवसभर गच्चीवरच्या उन्हात. सगळं जुळलं आणि घोडं अडलं भलतीकडेच. "दुसऱ्याच्या लेकराचं लंगोट आमच्या लेकराला? न्हाई बाई," असं म्हणून बायका दार लावून घ्यायला लागल्या. मग मी प्रत्येक घराला एकेक दोऱ्याचा रंग दिला. लंगोटाच्या कोपऱ्यात त्या रंगाचे तीन टाके, आणि ज्याचं त्यालाच परत. रंग संपले तेव्हा दोन-दोन रंगांचे टाके घातले. एकदाही अदलाबदल झाली नाही. ह्याचा मला फार गर्व होता, तो इथंच सांगून टाकते.

आणखी एक गोष्ट मी धंद्यात घेतली. आमच्याकडे जन्मलेल्या लेकराच्या अंगाला पहिलं कापड नवं लावत नाहीत. जुनं, मऊ झालेलं लावतात, आणि जमलं तर पाच घरचं, जिथली लेकरं धडधाकट आहेत अशा घरांतलं. मी अशा घरांतून जुनी धोतरं आणि सुती लुगडी गोळा करायचे, उकळायचे, शिवायचे आणि होस्टेलच्या वेळच्या मोठ्या ट्रंकेत ठेवायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ब्लँकेटं ठेवायचे तशीच, झुरळं आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकून.

धुण्याला एक मावशी होत्या. कितीतरी लेकरं त्यांनी हाताखालून काढलेली. एकदा त्यांनी ट्रंकेत वाळलेला कडुलिंबाचा पाला आणून पसरला.

"आमच्यात लेकराच्या कपड्यात ह्योच टाकतेत," त्या म्हणाल्या.

मी पाला काढून अंगणात झाडला. पांढऱ्या धोतरावर त्याचे डाग पडतात. "मावशी, जग कुठं चाललंय आणि तुम्ही अजून पाल्यातच," असंही वर ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, आणि न बोलणाऱ्या माणसाचं मी कधी ऐकलेलं नाही.

माझी धाकटी बहीण नांदेडला दिलेली. आमचं माहेर मुदखेडचं, पण आई गेली आणि ते घरही मिटलं. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, आणि तिला माहेर म्हणजे मीच उरले होते. तिनं कधी तोंड उघडून म्हटलं नाही, पण दर फोनला ती 'आजून काय' म्हणत बोलणं लांबवायची, मी बोलवेन म्हणून. मी बोलावलं नाही. तेव्हा माझ्याकडे चाळीसेक घरं होती, सकाळी डोकं वर काढायला सवड नव्हती. "इथं पाण्याचे हाल आहेत, तिथंच बरी राहशील," मी म्हणाले. ज्या घरात लोकांच्या लेकरांचे ढीगभर लंगोट रोज धुतले जात होते, त्या घरात पाण्याचे हाल.

"हाव अक्का, खरं हाय तुझं," ती म्हणाली. माझी बहीण दुखावली की लगेच कबूल होते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मग मी माझ्या परीनं भरपाई केली. माहेरून जो बाळंतविडा जातो, तो मी असा करायचा ठरवला की नांदेडात कुणी पाहिला नसेल. तिला पाचवा महिना लागला तेव्हाच पाच घरं फिरून मऊसूत कापड आणलं. झबली, टोपडी, दुपटी आणि दोन डझन लंगोट शिवले. तिच्यासाठी हिरवा दोरा राखून ठेवला होता, कुठल्याच घराला दिला नव्हता. सगळं घडी करून ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. तिचा विडा म्हणून गोळ्याही मूठभर जास्त टाकल्या. झाकण लावताना मला वाटलं, चला, हिचं माहेर तयार झालं. चार महिने ते तिथंच पडून होतं.

बाकीच्या घरांचे लंगोट रोज पाण्यात आणि उन्हात फिरायचे. हा एकच गठ्ठा बंद होता.

दिवेलागणीला फोन आला. मुलगा झाला, दोघं सुखरूप आहेत. मी ट्रंक उघडली तर वास असा आला की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं थोडं आनंदाचंही असेल. मला वाटलं, गच्चीवर दोरीला लावावं, सकाळपर्यंत वास जाईल. मी गठ्ठा घेऊन जिन्याकडे निघाले तर मावशी पायरीवर बसलेल्या.

"दिवे लागले आता," त्या म्हणाल्या. "तान्ह्याचं कापड ह्या येळेला भाईर घालू नये."

असल्या गोष्टींवर मी एरवी दहा वाक्यं ऐकवली असती. रात्रीच्या वाऱ्याला कपडे सुकवले तर कुठली हडळ येते ते दाखवा, असं मी गिऱ्हाइकांच्या सासवांना तोंडावर विचारत असे. पण त्या दिवशी दमले होते, सकाळी सातची एसटी होती आणि जिना चढायचा कंटाळा आला होता. म्हटलं, एक दिवस पाळू या ह्यांचं. साऱ्या आयुष्यात ती रूढी मी एकदाच पाळली, तीही सोयीची होती म्हणून.

एसटीत गठ्ठा मांडीवर होता. लोह्याच्या स्टँडवर शेजारी एक म्हातारी येऊन बसली, आणि थोड्या वेळानं पदर नाकाला लावून खिडकीकडे सरकली. मी मनात म्हटलं, बाईला स्वच्छतेची सवय दिसत नाही.

दवाखान्यात बहिणीनं गठ्ठा सोडला आणि एकेक झबलं गालाला लावून बघितलं. कोपऱ्यातले हिरवे टाके तिनं बोटानं मोजले. "आईनं केला आस्ता तर आसाच केला आस्ता," ती म्हणाली आणि रडली. मीही रडले. मग आम्ही दोघींनी मिळून लेकराला त्यात गुंडाळलं.

तिसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी आलो. चौथ्या दिवशी सकाळी मला लेकराचं नाक पिवळं वाटलं. सगळ्याच लेकरांना थोडी कावीळ होते, कोवळं ऊन दाखवा, असं शेजारच्या बायकांनी सांगितलं. मलाही ते माहीत होतं, चाळीस घरांत रोज ऐकत होते. आम्ही त्याला झबल्या-टोपड्यासकट उन्हात धरलं. संध्याकाळी पिवळेपणा छातीपर्यंत उतरला होता.

पाचवा दिवस म्हणजे पाचवीची पूजा. सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. त्या दिवशी लेकरू अंगावर प्यायला उठेना. तळपाय चोळले तरी डोळे उघडून परत मिटायचं. रडायचं तेही बारीक, एका सुरात. बहिणीच्या सासूला मीही मामीच म्हणते. त्यांनी लेकराला मांडीवर घेतलं, वास घेतला आणि दुपटं बाजूला काढलं.

"ह्या कपड्यात कायतरी हाय," त्या म्हणाल्या. "पाच घरची कापडं. कुणाची नजर, कुणाची काय. नगं हे आंगावर."

माझं डोकं फिरलं. एवढं खपून मी केलेल्या विड्याला ही बाई करणी म्हणत होती. "मामी, लेकरू आजारी आहे, त्याला डॉक्टर लागतो, नजर काढणारा नाही," मी म्हणाले. आणि त्यांनी काढलेलं दुपटं उचलून मी परत त्याच्या अंगाभोवती घट्ट गुंडाळलं. ते माझे हात मला अजून दिसतात.

त्याच दुपारी त्याला दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवलं. पेटीत लेकरू उघडंच असतं, डोळ्यांवर पट्टी आणि खाली फक्त लंगोट. सिस्टरनं डायपर मागितलं. मी माझा हट्ट सोडला नाही. कापडानं लेकराला पुरळ येत नाही, कचरा होत नाही, हे सगळं तिला तिथं उभं राहून ऐकवलं. ती दमलेली होती, हो म्हणाली. सगळे कपडे उतरवलेल्या त्या लेकराच्या अंगावर माझं तेवढं एकच कापड राहिलं, आणि डोक्याखाली माझ्याच दुपट्याची घडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला डॉक्टर आल्या. बहीण, मामी आणि मी, तिघी दारात उभ्या. दिव्याखाली ठेवूनही कावीळ वाढत होती, रक्त आतल्या आत फुटत होतं. काही लेकरांच्या रक्तात जन्मतःच एक कमतरता असते, अशांना काही गोष्टी अजिबात चालत नाहीत, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "घरात डांबरगोळ्या आहेत? कपाटात, कपड्यांत कुठं?"

"न्हाईत डॉक्टर," बहीण म्हणाली.

"आमच्या घरात कधीच आणत न्हाईत," मामी म्हणाल्या.

खरंच, त्यांच्या घरात नव्हत्या. मी गप्प राहिले.

ह्या गप्प राहण्याला मी पुष्कळ कारणं देऊन बघितली. मला घरं आठवली, गिऱ्हाइकं आठवली, बहिणीचं ओल्या बाळंतिणीचं तोंड बघवेना, असं बरंच काही. सगळं थोडं थोडं खरं आहे. पण सगळ्यांत खरं हे की मामी शेजारी उभ्या होत्या. आदल्या दिवशी त्या बरोबर ठरल्या होत्या, भलत्या कारणानं का होईना, आणि त्यांच्यासमोर मला ते कबूल करायचं नव्हतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल नव्हता.

मी खाली मेडिकलमध्ये जाऊन डायपरचं पुडकं आणलं. लंगोट संपले म्हणून सिस्टरला सांगितलं आणि बदलायला लावलं. काढलेले लंगोट पिशवीत कोंबले. वाटलं, झालं, आता कारण गेलं, लेकरू सुधारेल, बोलायची गरजच पडणार नाही. डोक्याखालची घडी तशीच राहिली, ती मला आठवलीच नाही. मग मी बाकावर बसून वाट बघितली. दहा वाजले, अकरा वाजले. बारा वाजता लेकरानं मान मागे टाकली आणि पाठ धनुष्यासारखी ताणली. सिस्टर पळत गेली.

दोन वाजता मी डॉक्टरांच्या खोलीत एकटी गेले आणि सांगितलं.

त्या ताडकन उठल्या. पेटीतलं कापडाचं होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढायला लावलं. रक्त बदलावं लागेल म्हणाल्या, माणसं पळवली. हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी सकाळी विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळपर्यंत रक्त बदललं. लेकरू वाचलं. घरी सोडताना डॉक्टरांनी माझं नाव न घेता बहिणीला सांगितलं की कपड्यांना डांबरगोळ्यांचा वास लागलेला होता, पुढं ह्याला त्यापासून कायम लांब ठेवा. बहिणीनं माझ्याकडे बघितलं. "पाच घरची कापडं," मी म्हणाले, "कुणीतरी ठेवल्या असतील." पाच घरांनी मला चांगलं म्हणून दिलं होतं, आणि मी ते त्यांच्याच माथी मारलं. मामींना तर आपलं म्हणणं खरं झाल्यासारखंच वाटलं.

लातूरला परतल्यावर मी ट्रंक रिकामी केली. मग एकेका घरी जाऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, तुमचं लेकरू जन्मल्यावर पिवळं पडलं होतं का? बहुतेक सगळ्या म्हणाल्या, पडलं होतं थोडं, सगळ्यांचीच पडतात. त्या हसत सांगायच्या आणि मी त्यांच्या लेकरांकडे बघत राहायचे. मावशींना मी काही सांगितलं नाही. आता नवीन कापड दोन दिवस उन्हात घालतो आणि ट्रंकेत त्या पाला टाकतात. पांढऱ्यावर डाग पडतात. पडू देत.

बहिणीचा मुलगा गोंडस झाला. फार गुणी, फार शांत, असं सगळे म्हणायचे. कुकरची शिट्टी झाली तरी झोपमोड नाही. दिवाळीत दारात फटाके लागले तेव्हा गल्लीतली सगळी लेकरं रडली आणि हा पाळण्यात आपली मूठ चोखत पडून होता. "बघा, कसा धीट हाय," मामी सगळ्यांना कौतुकानं सांगत होत्या. मी तिथंच होते. माझ्या हातातलं फराळाचं ताट मी खाली ठेवलं.

नंतर तपासण्या झाल्या. कावीळ डोक्यापर्यंत चढली की कानाकडे जाणारी वाट बिघडते. आता तो कानाला यंत्र लावतो, त्याचा उपयोग थोडा होतो, फार नाही. त्या डॉक्टरांना मी नंतर एकदा गाठून विचारलं होतं. सकाळी नऊलाच सांगितलं असतं तर? कापडाला एक दिवस ऊन दिलं असतं तर? "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मी ह्या तीन शब्दांवर तीन वर्षं काढली. कधी त्यांचा आधार वाटतो, कधी त्यांनीच जीव जातो.

ह्या वर्षी बहिणीला परत दिवस गेले. तिचा फोन आला.

"अक्का, बाळंतविडा तूच करशील न्हवं? ह्या वेळेला नीट धुऊन घे, कुणाच्या घरचं काय ठावं. पर करायचा तूच. आई न्हाई आपल्याला."

हो म्हणून मी फोन ठेवला. विडा करायचा म्हटलं तर सुईत दोरा जाईना. दुसऱ्या दिवशी रिकाम्या हातानं सातची एसटी धरली.

दुपारची वेळ होती. मामी झोपल्या होत्या. बहीण मेथी निवडत बसली होती आणि मुलगा आमच्याकडे पाठ करून फरशीवर वाटी फिरवत होता. यंत्र कोनाड्यात काढून ठेवलेलं. मी बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. ट्रंक, गोळ्या, मूठभर जास्त, दिवेलागण, दुपटं. पाच घरांचं खोटं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाचं.

तिचे हात थांबले नाहीत. काड्या एका बाजूला, पानं एका बाजूला.

"डाक्टरीनबाईनं कवा इचारलं होतं?" ती म्हणाली.

"नऊला."

"आन तू कवा सांगितलं?"

"दोनला."

तिनं हातातली जुडी संपवली. पदरातल्या काड्या झटकल्या. मला वाटलं, आता ही नेहमीसारखी म्हणेल, हाव अक्का, खरं हाय तुझं. तिनं पोराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"त्याला हाक मार," ती म्हणाली.

"अगं, यंत्र..."

"तसंच ऱ्हाऊ दे. मार हाक."

मी बाळा म्हणून हाक मारली. त्याच्या हातातली वाटी गरागरा फिरली, पडली, त्यानं ती परत उचलली.

"आजून मार," ती म्हणाली, आणि दुसरी जुडी निवडायला घेतली.